दुधाची साखर

— नाही जी, टोचत नाही. फक्त तो पट्टा छातीवरून नका घेऊ मॅडम, कमरेलेच राहू द्या. हो, अस्सा. नळी पाठीमागून खांद्यावर आणा, अन् ती डबी इथं कॉलरले — नाकाच्या जवळ पाहिजे म्हणता ना, म्हणजे मी जी हवा ओढतो तीच ते मशीन ओढन. समजलं मले. सकाळी तुमी सगळ्याइले सांगतलं तेव्हा मी पुढंच बसलो होतो. आता बसा तुमी. इथंच बसा, या स्टीलच्या बाकावर. तसं यावर बसाचं नसते, यावरून फक्त पाय टाकून पलीकडं जायाचं असते — अलीकडं बाहेरची धूळ, पलीकडं आतली, अन् मधात हा बाक. पण आता आपण दोघंबी ना धड इकडचे ना तिकडचे, तर बसाले हरकत नाही. लाइट गेली की असंच होते. नवतपा चालू आहे, उन्हाळ्यातले सगळ्यात तापाचे नऊ दिवस, अख्ख्या बुटीबोरीचे एसी एकदमच ओढते अन् लाइन ट्रिप मारते. जनरेटरवर बत्ती येते, पण हवेची मोठी मशीन जनरेटरवर घेत नाहीत. अन् ती हवा आतमधी खेळून खेळून दाब बरोबर झाल्याशिवाय आतला दरवाजा उघडत नाही. बाहेरचा उघडला तर हे कपडे काढा, पुन्हा नवे घाला, पुन्हा टोपी, पुन्हा हातमोजे — तोवर तिकडं हवा चालू झालेली असते. म्हणून बसाचं. ते लाल बटन ना? दाबलं की उघडते दोन्ही दरवाजे. पण ते आगीसाठी आहे. आगीशिवाय कोणी दाबलं तर पूर्ण प्लांटमधी भोंगा वाजते, मग सुमंत सर विचारते, कुठं लागली आग, दाखव.

सुमंत सर म्हणजे आमचे प्लांट मॅनेजर — सकाळी तुमच्यासोबत चहा प्याले, तेच. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं.

तुमी पुण्याच्या लॅबमधून धूळ मोजाले आल्या ना? कार्डावर वाचलं, चिन्मयी म्हणून. मी प्रेमानंद. प्रेमानंद गजभिये, कन्हानचा. कन्हान म्हणजे नागपूरच्या त्या टोकाले, कामठीच्या पुढं — नदी आहे, कोळशाच्या खाणी आहेत. माहा बाप खाणीतच होता. जमिनीखाली उतरे अन् काळाठिक्कर होऊन वर ये. माय दारातच बादली भरून ठेवे, आंघोळ झाल्याशिवाय त्याले उंबरा ओलांडू देत नव्हती, आमाले हात लावू देत नव्हती. आमी पोट्टे आतमधून पाहत राहू — पहिल्या लोट्याले काळं पाणी, मग करडं, मग साधं पाणी, मग आमचा बाप. तेव्हा पळत जायाचं. म्हणजे काय आहे मॅडम, ती धूळ दिसे. कानाच्या मागं राहिली तर माय बोट दाखवे, इथं राहिली. तरी छातीत गेली ती गेलीच. आता तो खाटेवर असते, ऑक्सिजनची मशीन उशाशी, दिवसभर घर्रर्र करते. मले इथं नोकरी लागली तेव्हा त्यानं मोहल्ल्यात सगळ्याइले सांगतलं, माह्या पोराचा ड्रेस पांढरा आहे म्हणे, तिथं फरशीवर पडलेलं उचलून खा. अन् खरंच आहे ते. तुमी पाह्यलं ना — कुठं डाग आहे का? भिंत पाहा. हात फिरवा.

काय तोलतो? तुमाले तर माहीत असन. बायाइच्या गोळ्या. हार्मोन. एका गोळीत असली वस्तू, म्हणजे खरं औषध, इतकी कमी असते की तळहातावर ठेवली तर दिसणार नाही, बाकी सगळं भुकटी अन् साखर. पण आमच्याकडं ती गोळीत जायाच्या आधी येते, ड्रममधी, निव्वळ. मी अन् माह्यासोबत एक जण — ड्रम उघडाचा, स्कूपनं काढाचं, काट्यावर पिशवीत टाकाचं, बांधाचं. इतकंच काम. वरून हवा खाली येते, ती धुळीले खाली दाबते, जमिनीजवळच्या जाळीतून ओढून घेते, असं ते यंत्र आहे. चांगलं आहे. नवं होतं तेव्हा लय चांगलं होतं. आता खालच्या जाळ्या चोंदल्या, तर हवा वरून येते अन् जायाले जागा नाही म्हणून पुन्हा वर येते, तोंडावर. आधी आमाले हवेच्या टोप्या होत्या — पूर्ण डोकं झाकणाऱ्या, मागं पाइप, बाहेरची साफ हवा आतमधी येते. त्याच्या मोटारी बिघडल्या, दुरुस्तीले गेल्या, अजून येऊन राहिल्या. तोवर हा कागदाचा मास्क.

मले वाटे, दिसत नाही म्हणजे नाही. खरं सांगतो. सकाळी तुमी खोलीत अंधार केला अन् ती बत्ती मागून लावली ना, अन् नुसती साधी भुकटी एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत ओतली — सगळे हसले, जादूचा खेळ म्हणे. मी पाहत होतो. ती धूळ तुमच्या हातावरून वर चढली, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, अन् मग तिथंच लटकून राहिली, तुमी बोलत होत्या तर तुमच्या तोंडात जाऊन राहिली होती, येऊन राहिली होती. बत्ती बंद केली तर काहीच नाही. साफ खोली. तेव्हा मी उठून बाहेर गेलो. तुमाले वाटलं असन पाणी प्याले. नाही जी. मले माह्या पोरीचं तोंड दिसलं त्या धुळीत.

नाही, काही नाही. सोडा ते.

— आली वाटते लाइट. हो, आली. आता ऐका, पंखा सुरू झाला वर. पण लगेच नाही उघडत, दाब बनाले वेळ लागते. तो काटा पाहत राहा.

अबोली नाव आहे तिचं. दुसरीत गेली यंदा. नावाची अबोली, बोलते इतकी की डोकं उठते. म्हणजे बोले. मागच्या साली, पहिलीत होती तेव्हा, माया तिले आंघोळ घालून राहिली होती — माया म्हणजे माही बायको — तर पोरगी म्हणे, आई, इथं दुखते. मायानं पाह्यलं, छातीत बोराएवढी गाठ. तिले वाटलं काही चावलं असन. हळद लावली. पंधरवड्यानं दुसऱ्या बाजूले. शेजारणी म्हणे, ब्रॉयलर कोंबडी बंद करा, त्याले सुया टोचते. बंद केली. पिशवीचं दूध बंद केलं. मग एक दिवस चड्डीले लाल डाग दिसला. पहिलीतली पोरगी, मॅडम. अजून तिले वेणी घालता येत नाही.

आता मायाच्या जागी तुमी असता तर काय वाटलं असतं? कोणत्याही आईले जे वाटते तेच तिले वाटलं. तिनं पोरीले शाळेच्या ऑटोत बसवणं बंद केलं. शेजारी टीव्ही पाहाले जाणं बंद. पोरीले जवळ घेऊन घेऊन विचारे, कोणी हात लावला का, कोणी काही केलं का, सांग मले, मी मारत नाही. पोरगी म्हणे, नाही. मग तिनं — तिनं पोरीले माह्याजवळ झोपू देणं बंद केलं. मी ड्यूटीवरून येऊ अन् ती अबोलीले उचलून आत नेई, म्हणे तिले बरं नाही. मी जेवत असलो की समोर बसे अन् माह्याकडं पाहत राहे. भाजी वाढाची विसरून जाय. मले समजलं काहून पाहून राहिली. समजलं, अन् मी मान खाली घालून जेवलो. काय बोलन माणूस? मी तसा नाही म्हणून सांगाचं? ज्यानं केलं असते तोबी तेच सांगते. खाटेवरून बाप म्हणे, प्रेमा, काय झालं रे घरात, कोणी बोलत काहून नाही.

धंतोलीत एक डॉक्टरीणबाई आहे लहान पोराइच्या, तिच्याकडं नेलं. लय तपासण्या केल्या. रक्त काढलं, हाताच्या पंजाचा फोटो काढला — पंजाचा काहून, तर म्हणे हाडाचं वय समजते. हाडं पुढं पळून राहिली होती, पोरगी मागं राहिली होती. मग बाईनं पोरीले बाहेर नर्सजवळ बसवलं अन् दार लावून घेतलं. मायाचं तोंड पांढरं पडलं. मले वाटलं, आता हे माह्याबद्दल बोलणार. बाईनं मायाले विचारलं, तुमी काही गोळ्या घेता का, अंगाले काही मलम लावता का. माया म्हणे, नाही, ऑपरेशन झालं आहे. मग माह्याकडं वळली. काय करता तुमी? मी म्हणलो, औषधाच्या कंपनीत आहो, बुटीबोरीले. जरा ताठ बसून म्हणलो असन. कोणतं औषध? मी सांगतलं.

तिनं पेनाचं टोपण लावलं. म्हणे, घरी गेल्यावर पोरगी जवळ येते का तुमच्या?

मले हसू आलं, मॅडम. जवळ? म्हणलो, बसमधून उतरलो की अंगावरच असते. माह्या बनियनमधी तोंड खुपसल्याशिवाय तिले झोप येत नाही.

मग ती जे बोलली ते मी ऐकलं, पण माहं ध्यान मायाकडं होतं. माया रडून राहिली होती, अन् तिनं टेबलाखालून माहा हात धरला. दोन महिन्यात पहिल्यांदा. इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. ती पोरीच्या दुखण्यानं रडत नव्हती, ती — तिचा नवरा तिले वापस भेटला होता. मी काय म्हणतो समजून राहिलं ना? अन् मी तिथं बसून विचार करू, हिचं चुकलं कुठं. माह्यावर नजर ठेवली ती बरोबरच ठेवली. पोरीले माह्यापासूनच होत होतं. फक्त तिनं समजलं तसं नाही.

आंघोळ? आहे ना लिहिलेलं, तिकडं पाटीवर, दोन भाषेत. ड्यूटी सुटल्यावर आंघोळ करा. नळ किती आहेत पाह्यले का? अन् बस उभी राहते का कोणासाठी? कन्हानची बस एकच. वरचे कपडे कंपनीचे, ते इथंच धुते. आतलं बनियन आपलं. डोक्याचे केस आपले. कोणाले वाटन की बनियनमधून काही जाते म्हणून? ते दिसाले पांढरंशुभ्र.

डॉक्टरीणबाई म्हणे, ते हार्मोन पोरीपासून लांब ठेवा, आपोआप उतरन. तर मीच लांब झालो. इथं गावात एक खोली घेतली. रविवारी जातो. खोलीवर दोनदा डोक्यावरून आंघोळ करतो, नखं घासतो, मग घरी मागच्या दारानं जातो, माया तिथं घरात धुतलेले कपडे देते, ते घालतो, तेव्हा पुढं. अन् उतरलं, मॅडम. दिवाळीपर्यंत गाठी बसल्या, डाग पुन्हा दिसला नाही. सगळे म्हणे, चला, बरं झालं. बरंच झालं. म्हणजे पक्कं झालं ना की मी दूर असलो की ती बरी राहते.

गेल्या दसऱ्याले दीक्षाभूमीवर गेलो आमी. दरसाली मी तिले खांद्यावर घेतो, ती गर्दीच्या वर असते, अन् वरून मले सांगत राहते, पप्पा, इकडून जागा आहे, पप्पा, तिकडं पोलीस आहे. तेव्हाबी तिनं हात वर केले. मी म्हणलो, खांदा दुखते बेटा. ती मायाचा हात धरून चालत राहिली, लोकाइच्या पायात. तिले काहीच दिसलं नसन. घरी आल्यावर मायाले विचारे, पप्पा आपल्यावर रागावले का. आता विचारत नाही. आता मी गेलो की स्वतःच थोडी लांब बसते, शहाण्यासारखी, अन् तिथूनच पुस्तक दाखवते. ते मले जास्त लागते.

सोडून द्या म्हणता. सगळे म्हणते. नोकरी सोडून द्या. अन् बापाचं काय करू? त्याचा दवाखाना माह्या कंपनीच्या विम्यावर चालते. दर दोन-तीन महिन्यांनी भरती करा लागते. हे सोडून कापडाच्या मिलमधी ठेकेदाराकडं लागलो तर विमा कुठला? इथून निघालो तर बाप जाते, इथं राहिलो तर पोरगी — पोरगी जात नाही, मीच जातो तिच्यातून. कसं आहे सांगू का, या खोलीसारखंच आहे. एक दरवाजा बंद झाल्याशिवाय दुसरा उघडत नाही.

मी मागितली ना बदली. पॅकिंगमधी टाका म्हणलो, तिथं गोळी चंदेरी पट्टीच्या पत्त्यात बंद होऊन येते, उडत काही नाही. डॉक्टरीणबाईनं लिहून दिलं होतं, ते घेऊन सुमंत सराइकडं गेलो. सरानं वाचलं, पुन्हा वाचलं. त्याइलेबी पोरगी आहे. म्हणे, प्रेमानंद, मले वाईट वाटते, पण हे मी वर कसं दाखवू? हे दाखवलं म्हणजे कंपनीनं कबूल केलं. आपल्याकडं आतमधी धूळ उडते असं कुठं लिहिलं आहे? मी म्हणलो, मोजा मग. म्हणे, मोजणारच आहो, बाहेरच्या गिऱ्हाइकानं मागितलं आहे, पुण्याची लॅब येऊन राहिली. त्यात जास्त निघालं तर तुझं खरं. नाही निघालं तर तुझ्या डॉक्टरचं काहीतरी चुकलं असन. अस्सं. म्हणजे तुमी येणार, हे मी तेव्हापासून धरून बसलो होतो. माया रोज फोनवर विचारे, पुण्याचे लोक आले का.

म्हणून तुमी आज मले निवडलं नाही, मॅडम. सरानंच मले उभं केलं आहे.

काहून म्हणजे — असंच. मी जुना आहो. हात सावकाश चालते माहा.

काय? छाती? नाही, काही नाही. मघाशी पट्टा लागला ना, म्हणून. — आता तुमी पाह्यलंच तर सांगतो. मायालेबी सांगतलं नाही. डॉक्टरीणबाईनं मले विचारलं होतं, तुमच्या अंगावर काही फरक? मी म्हणलो, काही नाही. बायको बाजूले बसली, कसं सांगाचं? दोन बनियन घालतो मी. या उन्हाळ्यात दोन. इथं कपडे बदलतो तेव्हा भिंतीकडं तोंड करून. दुखते, बाईमाणसाचं दुखते तसं असन. मॅडम, तुमी माह्या लहान बहिणीच्या वयाच्या, अन् मी तुमाले काय सांगून राहिलो. माफ करा. पण कोणाले सांगाचं? मित्राले सांगतलं तर तो हसन, अन् तो नाही हसला तर जास्त वाईट.

नाही, लिहू नका. तुमच्या कागदावर हे नका लिहू. तुमी धूळ मोजाले आल्या, धूळ मोजा.

अंकुशले भेटल्या ना तुमी? तो उंच, चष्मेवाला, तुमची पेटी उचलून आणली त्यानं. पॅकिंगमधी आहे. परवा आला पेढे घेऊन. म्हणे, भाऊ, मले वजनखोलीत घेऊन राहिले, परमनंट करतो म्हणते. खुश होता. मी पेढा खाल्ला. मग म्हणलो, बायको कशी आहे? प्रीती नाव तिचं, लग्न होऊन साल नाही झालं, पोट दिसाले लागलं आता. म्हणे, मजेत आहे भाऊ, माहे कपडे मलेच धुवू देत नाही, स्वतःच धुते. तिले सांगतलं बाळंतपणाले माहेरी जा, तर म्हणे तुमाले सोडून जात नाही. — तो पेढा माह्या तोंडात तसाच राहिला.

कारण मले माहीत आहे तो काहून येऊन राहिला. तो माह्या जागी येऊन राहिला. सरानं मले परवाच सांगतलं — दार लावून, खांद्यावर हात ठेवून. म्हणे, प्रेमानंद, हे पुण्याचं काम नीट पार पडू दे, की पहिल्या तारखेपासून तू पॅकिंगमधी. अन् अंकुश इकडं. घरी जा, पोरीले घेऊन झोप. तो शब्द त्यानं वापरला, पोरीले घेऊन झोप. मी घरी फोन केला नाही. आनंदाची बातमी, अन् मी फोन हातात धरून बसलो.

नीट पार पडू दे म्हणजे — म्हणजे नीट. सावकाश तोलाचं. स्कूप आपटाचा नाही. पिशवी झटकाची नाही.

आजचा माल? आजचा माल आहे ना आतमधी. निळा ड्रम. तुमच्यासमोर उघडतो. कागद लागलेला आहे त्यावर, सही आहे, सगळं आहे. पाहा तुमी.

असं नका पाहू माह्याकडं.

तुमच्या या डबीत जी जाळी आहे, ती तुमी पुण्याले नेऊन काय शोधता? नुसती धूळ तोलता, का तेच हार्मोन शोधता? — तेच शोधता. हं. मग काही भेटणार नाही. मी दिवसभर ड्रममधी तोंड घालून बसलो तरी भेटणार नाही. त्या निळ्या ड्रममधी दुधाची साखर आहे, मॅडम. लॅक्टोज. पोराइच्या दुधात टाकता येईन अशी. काल दुपारी भरली. मी अन् अंकुशनंच भरली. त्याले सांगतलं, मशीनची ट्रायल आहे. असली मालाचा ड्रम तिथंच आहे, कोपऱ्यात, वरून प्लास्टिक ओढून, उद्यासाठी. तुमचं मशीन खरं सांगन. मले ते लय वेळ कळलंच नाही — मशीन खोटं बोलणार नाही, म्हणून मी खुश होतो. पण त्याच्यासमोर खोटंच ठेवलं तर ते बिचारं काय करन? शून्य म्हणन. तुमची सही होईन. मग माहं डॉक्टरचं पत्र खोटं, हवेच्या टोप्या वापस येणार नाहीत, जाळ्या कोणी बदलणार नाही, अन् प्रीती धूत राहीन त्याचे बनियन. अन् मी पॅकिंगमधी. घरी. अबोली माह्या छातीवर.

बसा मॅडम. उठू नका. हे बोलाचं नव्हतं मले. सकाळपासून तोंड दाबून होतो. तुमी तिकडं जाऊन काही बोलल्या तर सराइले दोन मिनिटात समजन कोणी सांगतलं, या खोलीत दुसरं आहे कोण? काम बंद पडन, तुमी पुण्याले जाल, पुन्हा तारीख येईन, पुन्हा निळा ड्रम येईन, फक्त त्याच्यासमोर दुसरा कोणी उभा राहीन. असंच होईन. हात नका लावू मशीनले. नका काढू. राहू द्या. विचार करू द्या मले.

अंकुशची बायको मी पाह्यली आहे. लहान आहे. लग्नात माह्या पाया पडली होती.

— थांबा. फोन. भिंतीवरचा आहे, सर ऑफिसातून लावते. एक मिनिट.

हो सर. प्रेमानंद बोलून राहिलो. ... हो सर, तयार आहे. मशीन लावलं मॅडमनं. ... नाही सर, दाब आला आता, काटा बरोबर आहे. ... सर, एक सांगाचं होतं. त्या निळ्या ड्रमचं सील मी तोडत नाही. ... नाही सर, काही बिघडलं नाही. जो माल रोज तोलतो तोच तोलतो आज. कोपऱ्यातला. ... मॅडमनं काही विचारलं नाही सर, मीच बोलून राहिलो. ... समजलं सर. पॅकिंगचं समजलं मले. ... ते तुमच्या हातात आहे, बरोबर आहे. ... सर, ऐका. तुमी म्हणता ना इथं काही उडत नाही. मग तुमी या ना आत. कपडे बदला अन् या. माह्या बाजूले उभे राहा अन् सांगा मले, कोणता ड्रम उघडू. तुमी उभे राहून सांगान तो उघडतो. ... सर? ... हो सर, थांबतो. पाच मिनिटं थांबतो.

ठेवला त्यानं.

नाही येणार, मॅडम. वजनखोलीच्या काचेपर्यंत येईन, काचेच्या आत नाही. उठा तुमी आता. तो हिरवा दिवा लागला की दार ढकलाचं, जोर लागते. तुमी उंबऱ्याजवळच थांबा, ड्रमपाशी येऊ नका, अन् मास्कची पट्टी जरा वर घ्या, नाकावर फट राहिली आहे. करा ते मशीन चालू. अन् आता काही विचारू नका मले, काम करू द्या.